डोकी मोजणारे सर

आमच्या मुख्याध्यापकांसमोर 'खूप' हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. 'आज खूप ऊन आहे' म्हटलं की ते चष्म्यावरून बघायचे आणि विचारायचे, "किती?" 'जरा उशीर झाला' म्हटलं की, "जरा म्हणजे किती?" एकदा डब्यातली भाजी तोंडात घालून मी सहज म्हणाले, "आज मीठ जास्त पडलंय." सर लगेच म्हणाले, "कितीनं?" मी तेव्हा नोकरीत नवी होते, त्यामुळे खरोखरच विचार करायला लागले. पुढे कळलं की घरी काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, त्यांनी असंच विचारलं तेव्हा काकूंनी उत्तर दिलं होतं, "तुमच्या बोलण्याइतकं." हे उत्तर सरांनी काही स्वीकारलं नाही. त्याला एकक नव्हतं.

आमची शाळा काष्टीपासून सहाएक किलोमीटरवर. चार खोल्या, दोन लिंबाची झाडं, एक पाण्याची टाकी, आणि आम्ही तीन शिक्षक. सर उंच, किडकिडीत, कायम पांढऱ्या शर्टात. शर्टाच्या खिशात पेन असायचंच, पण त्याच्या शेजारी शिंप्याकडे असतो तसला इंची टेपही गुंडाळून ठेवलेला असायचा. त्या टेपनं ते काय काय मोजायचे याची मोजदाद मी तरी सोडून दिली होती. लिंबाच्या खोडाचा घेर दर वर्षी सव्वीस जानेवारीला मोजला जायचा. ताटातल्या खिचडीचा थर मोजला जायचा. प्रार्थनेला मुलं रांगेत सरळ उभी राहायला किती सेकंद लावतात, तेही एका जाड वहीत रोज उतरवलं जायचं. एकदा केंद्रप्रमुख तपासणीला आले आणि जाताना कौतुकानं म्हणाले, "शाळेची प्रगती चांगली आहे." सर त्यांच्या गाडीपर्यंत मागे गेले. "कितीनं चांगली आहे, ते शेऱ्यात लिहिलंत तर बरं होईल." केंद्रप्रमुखांनी गाडी सुरू केली.

माझ्याही वाट्याला ती वही आली होती. रुजू होऊन महिना झाला असेल. मधल्या सुट्टीत सरांनी माझ्या हातात एक चिठ्ठी ठेवली. 'आजच्या एका तासात आपण 'ओके' हा शब्द चौतीस वेळा म्हणालात.' मला इतका राग आला, की दोन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. तिसऱ्या दिवशी दुसरी चिठ्ठी आली. 'आज नऊ. अभिनंदन.' त्या माणसावर धड रागावताही येत नव्हतं.

त्या वर्षी वाचनात मागे पडणाऱ्या मुलांसाठी एक प्रशिक्षण झालं आणि आमच्या शाळेतून मला नगरला पाठवलं. असल्या प्रशिक्षणांना जाताना मी विणकाम घेऊन जाते. या वेळी मात्र पहिल्याच दिवशी सुया पिशवीत राहिल्या. शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, की बोलायला मूल आपोआप शिकतं, वाचायला नाही. वाचनासाठी मेंदूत जन्मापासून राखून ठेवलेली जागा नसते. बघायची जागा, ऐकायची जागा आणि अर्थ लावायची जागा, यांच्यात सरावानं ये-जा सुरू व्हावी लागते. काही मुलांमध्ये ती सहजी सुरू होत नाही, आणि त्याचा हुशारीशी काही संबंध नसतो. अशा मुलांना शब्दातले आवाज सुटे करून, अक्षराशी जोडून, रोज थोडं थोडं, नेमानं शिकवलं, तर बहुतेकांचं वाचन सुधारतं. एवढंच नाही, शिकवण्याआधी आणि नंतर मेंदूचे फोटो घेतले तर त्यातही फरक दिसतो. वाचताना जे भाग आधी गप्प बसलेले असतात ते कामाला लागतात. काही मुलांचा मेंदू भलत्याच भागांची मदत घेऊन काम भागवतो. सगळ्यांचं सारखं होत नाही, पण फरक पडतो.

हे सगळं मी सोमवारी शाळेत येऊन सरांना एका दमात सांगितलं. सर ऐकून घेत होते.

"फोटो तुम्ही बघितले?"

"हो. पडद्यावर. आधीचा आणि नंतरचा."

"कुणाच्या मेंदूचे?"

"परदेशातल्या मुलांचे होते, सर."

"परदेशातल्या मुलांना घ आणि ध काही माहीत नाही," सर म्हणाले. "आपल्या पोरांच्या मेंदूत फरक पडतो का, ते कसं कळणार?"

"मुलं वाचायला लागली की कळेल."

"ते नंतर. आधी नोंद पाहिजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर्गात पोचले तेव्हा वाचनात मागे असलेली सात मुलं भिंतीला पाठ लावून उभी होती आणि सर त्यांच्या कपाळाभोवती टेप गुंडाळत होते. बावन्न. एक्कावन्न पूर्णांक दोन. हलू नकोस रे. मेंदूत फरक पडतो म्हणता, तर डोक्यात दिसायला हवा, असं त्यांचं साधं गणित होतं. मी म्हणाले, "सर, फरक आत पडतो, जोडण्यांमध्ये. डोकं मोठं होत नाही." सर म्हणाले, "असेलही. पण आपल्याजवळ टेप आहे, टेपनं सुरुवात करू."

संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की शाळेत टोप्या वाटणार आहेत आणि काही ठरावीक मुलांचीच मापं घेतली. दुसऱ्या दिवशी फाटकाशी चार-पाच आया जमल्या. त्यातली एक पुढं होऊन म्हणाली, "सर, आमच्या पोराचं माप का न्हाई घेतलं? आमी काय गावाभाईर हाये का?"

"टोप्या नाहीत हो," सर म्हणाले. "मुलांच्या मेंदूचं बघतोय."

"आसं व्हय? मग आमच्या मालकांचं बी बघा की. हाय का न्हाई तेवढं तरी कळंल."

बाया हसत हसत परत गेल्या. सरांनी तेवढ्यात वहीत काहीतरी लिहिलं. बायांची संख्या असावी.

त्या सात मुलांमधली सर्वांत अवघड होती चौथीतली श्रद्धा. तिच्या नावापासूनच अडचण होती. आईबापांनी हौसेनं ठेवलेल्या त्या नावात दोनच अक्षरं, आणि दोन्ही जोडाक्षरं. सर म्हणायचे, "नाव ठेवताना एकदा शाळेला विचारायला हवं." श्रद्धा तोंडानं चुणचुणीत, हिशेबाला पक्की, कबड्डीत कुणाला न सापडणारी. पुस्तक उघडलं की तिचं पोट दुखायचं. लिहिताना अडायची म्हणून ती त्या सातांत होती, पण तिला वाचताच येत नाही हे चौथीपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण वाचायला उभं केलं की ती धडाधड वाचायची. प्रशिक्षणाहून आल्यावर मला शंका आली. ती ओळीवर बोट फिरवत वाचत असताना मी तिच्या पुस्तकाच्या पानावर हात ठेवला. पान झाकलं गेलं. श्रद्धा वाचतच राहिली.

दुसऱ्यांचं ऐकून ऐकून तिनं अख्खं पुस्तक पाठ केलं होतं.

सर दारात उभे राहून ऐकत होते. "अकरा ओळी," ते म्हणाले. "एक चूक नाही. या मुलीला मंद कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात, सर. ती स्वतःसुद्धा."

तिची आई मला आधीच सांगून गेली होती, "मॅडम, चौथी झाली की बास. पाचवीला तिकडं काष्टीला घालून काय करायचं? डोकंच न्हाई तिला. घरी शेळ्या हायेत, त्या राखंल." म्हणजे आमच्याकडे उन्हाळ्यापर्यंतचा वेळ होता.

"कुणाची मुलगी ही?" सरांनी विचारलं.

"बाळासाहेबांची. टेम्पो चालवतात ते. बाजाराची जनावरं नेतात. गावात बाळू म्हणतात त्यांना."

सरांनी हातातला टेप गुंडाळला, खिशात ठेवला आणि ते ऑफिसात गेले. त्या दिवशी मला वाटलं, त्यांना कसला तरी कागद आठवला असेल.

पुढच्याच आठवड्यात ते रजा टाकून नगरला गेले आणि परतल्यावर मला कळलं, की स्वारी स्कॅन सेंटरमध्ये जाऊन आली. तिथल्या काउंटरवरच्या मुलानं विचारलं, "पेशंटला काय होतंय?" सर म्हणाले, "पेशंट ठणठणीत आहे. तिला घ येत नाही." त्या मुलानं घाबरून डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर भला माणूस होता. त्यानं सरांना बसवून चहा दिला आणि समजावलं, की तसले फोटो मोठमोठ्या संशोधनाच्या ठिकाणी काढतात, मुलाला यंत्रात झोपवून, समोर शब्द दाखवून. इथलं यंत्र गाठ, सूज, मार लागलेला, असलं दाखवतं. चांगल्या पोरीला उगाच त्यात कशाला झोपवायचं? सरांना ते पटलं. मात्र रिकाम्या हातानं ते आले नव्हते. "यंत्राच्या तोंडाचा व्यास साठ सेंटिमीटर आहे," त्यांनी मला सांगितलं. "मोजू दिला त्यांनी."

आमचा वर्ग रोज प्रार्थनेनंतर भरायचा. चाळीस मिनिटं. आधी पुस्तक नाही, पाटी नाही, नुसते आवाज. "कमळ म्हणा. आता टाळी वाजवत तोडा. क, म, ळ. आता त्यातला क काढून टाका. काय राहिलं?" "मळ!" म्हणून पोरं खिदळायची. मग बांधकामावरून आणलेली बारीक वाळू ताटात पसरायची, आवाज म्हणत म्हणत बोटानं अक्षर काढायचं. श्रद्धाचं घोडं घ आणि ध पाशी अडलेलं होतं. घर तिला धर दिसायचं आणि धन घन. "घचं डोकं रेघेला चिकटलंय, धचं सुटलंय आणि त्याला गाठ मारलीय," असं आम्ही तिच्याकडून रोज म्हणून घ्यायचो.

या वर्गात सर म्हणजे मला आठवं मूल होतं. मागे बसून ते नोंदी करणार असं ठरलं होतं. पण श्रद्धा अक्षरावर अडली की त्यांना राहवायचं नाही. "घ! अगं घ!" ते मागून ओरडायचे. मी दोनदा सांगितलं, "सर, उत्तर तिला द्यायचंय." तिसऱ्या वेळी मी माझ्या मुख्याध्यापकांना वर्गाबाहेर काढलं. ते मुकाट गेले आणि खिडकीत उभे राहिले. त्या दिवसापासून खिडकीची ती जागा त्यांचीच झाली. गजांमधून त्यांचे ओठ हलताना दिसायचे, आवाज यायचा नाही.

दोन महिने काही झालं नाही, असंच मला वाटत होतं. बाकीची मुलं थोडीफार सरकली. श्रद्धा मात्र आज आलेलं उद्या विसरायची. एके दिवशी ती वाळूच्या ताटावर हात आपटून रडली. "माज्या डोक्यात न्हाईच ऱ्हात, मॅडम." मी तिला जवळ घेतलं. मलाही रडू येत होतं. खिडकीतून सर म्हणाले, "पहिल्या दिवशी हिला सहा अक्षरं नीट येत होती. आज एकोणीस येतात. रडायचं असेल तर आकडा बघून रडावं." पोरगी रडायची थांबली. त्या वहीचा मला पहिल्यांदाच उपयोग वाटला.

तिसरा महिना संपला तेव्हा सरांनी पुन्हा टेप काढला. तो स्नेहसंमेलनाचा दिवस होता. सहा डोकी होती तेवढीच भरली. सातवं मोजलं आणि सर जवळजवळ धावत माझ्याकडे आले. "मॅडम! दीड सेंटिमीटर! श्रद्धाचं डोकं दीड सेंटिमीटरनं वाढलं!"

मी श्रद्धाकडे पाहिलं. तिच्या आईनं नाचासाठी तिच्या दोन्ही वेण्या डोक्याभोवती गुंडाळून, वर रिबिनी बांधून, पिनांनी घट्ट बसवल्या होत्या.

"सर," मी म्हणाले, "वेण्या."

सरांनी परत एकदा टेप लावला, वेण्यांच्या खालून. मग खुर्चीवर बसले, वहीतल्या आकड्यावर एक रेघ मारली, शेजारी खुलासा लिहिला आणि सही केली. श्रद्धा त्यांच्या खांद्याशी उभी होती. ती वहीत वाकली.

"वे," ती म्हणाली. मग थांबली. बोट त्या शब्दावर ठेवलं. "वे... ण... ण्या." आणि एकदम तोंड वर करून, "सर, माज्या वेन्या का लिवल्या तुमी वहीत?"

आम्ही दोघं एकमेकांकडे बघतच राहिलो. हा शब्द तिच्या कुठल्या धड्यात नव्हता. तो तिला कुणी वाचून दाखवला नव्हता. सरांचं अक्षरही काही छापील नव्हतं. "पुन्हा वाच," ते म्हणाले. तिनं पुन्हा वाचलं आणि नाचाला उशीर होतोय म्हणून पळून गेली. सर तसेच बसून राहिले. आयुष्यात प्रथमच त्यांनी समोर घडलेली गोष्ट वहीत उतरवली नाही.

त्या दिवशी संमेलन संपल्यावर सगळे निघून गेले तरी ते लिंबाखाली बसलेले होते. मी निरोप घ्यायला गेले तर म्हणाले, "मॅडम, मोठ्या माणसाच्या मेंदूत फरक पडतो का हो? चाळिशीतल्या?"

"पडतो म्हणतात. पण त्याला कष्ट जास्त पडतात आणि वेळ जास्त लागतो."

मी 'जास्त' म्हणाले होते, दोनदा. त्यांनी किती ते विचारलं नाही.

कारण मला कळलं ते पालकसभेच्या दिवशी. सभेला श्रद्धाची आई आली. बाळू मात्र फाटकाबाहेर टेम्पोत बसून होता. मी त्याला बोलवायला गेले. चाळीस-बेचाळिसचा, भरदार मिशांचा गडी. जनावरं उतरवून तसाच आलेला, अंगाला कडब्याची कुसळं.

"आत या ना. सर बोलावतायत."

"हितंच बरा हाय, मॅडम."

"लेकीचं कौतुक आहे आज."

तो स्टिअरिंगकडे बघत राहिला. मग म्हणाला, "त्या खोलीत म्या शिकलोय. हे सरच हुते तवा. नवे हुते. मला वाचाया उभं करायचे आन आलं न्हाई की छडी. अजून बी त्या दाराशी आलो, की हात आपोआप म्होरं व्हतोय बगा." त्यानं खरोखर उजवा तळवा उघडून धरला, आणि लाजून मागे घेतला.

मी परत आले. सरांना काय सांगावं कळेना. पण ते व्हरांड्यातच उभे होते आणि त्यांनी माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं.

"सांगितलं ना त्यानं?" ते म्हणाले. "माझी पहिली नोकरी याच शाळेत. बाळूला घ यायचा नाही. मला वाटायचं, मुद्दाम करतो, आळशी आहे. चौथीतूनच त्यानं शाळा सोडली. शेवटच्या बदलीत पुन्हा इथं आलो, तर तो मला रस्त्यात बघून टेम्पो दुसरीकडून नेतो." मग म्हणाले, "छडी अठरा इंचाची होती. हे मला आठवतं. त्याला कितीदा मारलं, ते मोजलं नाही."

आणि ते फाटकाकडे चालू लागले.

मी मागे गेले नाही. पण व्हरांडा काही लांब नव्हता. सर टेम्पोच्या खिडकीशी उभे राहिले. बाळू घाईघाईनं खाली उतरला, हात कुठं ठेवावेत ते त्याला कळेना.

"बाळू," सर म्हणाले, "तू आळशी नव्हतास. तुला ते येत नव्हतं, आणि कसं शिकवायचं ते मला येत नव्हतं. मार मात्र तू खाल्लास. चूक माझी होती."

बाळू फडक्यानं टेम्पोची काच पुसायला लागला. काच स्वच्छ होती. पुसता पुसता म्हणाला, "जाऊ द्या, सर. तवा समदेच मारायचे."

"सगळ्यांचं मी नाही सांगत. माझं सांगतोय."

"पोरगी वाचाया लागली म्हनं."

"लागली. तिला पाचवीला घाल. डोकं आहे तिला. तुलाही होतं." मग सर एकदम म्हणाले, "तूही ये. संध्याकाळी शाळा सुटली की. मी शिकवतो. आता मला येतं, मॅडमनी शिकवलंय."

"आता कशाला, सर?" बाळू हसला. "टेम्पो चालतोय की." आणि तो टेम्पोत चढून बसला.

श्रद्धा पाचवीला काष्टीला गेली. शेळ्या तिच्या आईनंच राखल्या. सर मात्र रोज संध्याकाळी पाच ते सहा वर्ग उघडा ठेवून बसायचे. वाळूचं ताट टेबलावर, पाटी शेजारी. बाळू आला नाही. एक दिवस, दोन आठवडे, महिना. मी एकदा म्हणाले, "सर, नका वाट बघू." ते म्हणाले, "मी आवराआवर करतोय."

शेवटी ते स्वतःच त्याच्या वस्तीवर गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले तर वाळूचं ताट धुऊन भिंतीला उभं केलेलं होतं.

"गेला होतात?" मी विचारलं.

"गेलो होतो. अंगणात खाट टाकून बाप बसला होता आणि पोरगी समोर उभी. मी आलेलो त्यांना दिसलो नाही, बाभळीमागे होतो. ती त्याच्याकडून कमळमधला क काढून घेत होती. तो चुकला. ती म्हणाली, 'पप्पा, घाई करू नका, आधी आवाज ऐका.' अगदी तुमच्यासारखं." सर हसले. "मी तसाच मागे फिरलो. तिथं माझं काही काम नव्हतं."

"तुम्हाला वाईट वाटलं?"

त्यांनी विचार केला. "वाटलं," म्हणाले. "बरंही वाटलं. दोन्ही एकदम."

पुढच्या मे अखेरीला सर निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी त्यांनी भाषण करायचं नाकारलं, नारळ घेतला आणि गावी, पुणतांब्याला गेले. मी मध्ये मध्ये फोन करायची. गोदावरीच्या पाण्याची पातळी मला नगर जिल्ह्यात सगळ्यांच्या आधी कळायची.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांना भेटायला गेले. काकूंनी अनारसे ठेवले होते. सर ओट्यावर बसले होते, मोबाईल दोन्ही हातांत धरून, चष्मा कपाळावर. मी आल्याचं त्यांना कळलंसुद्धा नाही.

"सकाळपासून असंच चाललंय," काकू म्हणाल्या. "चहा गार झाला."

सरांनी मोबाईल माझ्यासमोर धरला. बाळूचा मेसेज होता. तोवर त्यानं सरांना कधी मेसेज केला नव्हता, आणि जे कुणाला सांगायचं ते बोलून पाठवायचा. हा मात्र टाइप केलेला होता.

'सर मि बाळु. ऊदया पुनतांबयाला येतो. पोरगी पन हाय. तीला पहीला नंबर आला वाचनात. घरी हाय का'

मी तो दोनदा वाचला. जन्मभर लाल पेन चालवलेल्या माणसाला मी गमतीनं म्हणाले, "सर, शुद्धलेखनाच्या चुका आहेत."

"त्यानं लिहिलंय," सर म्हणाले. एवढंच.

"मग उत्तर दिलंत का?"

"तेच लिहितोय सकाळपासून. 'अवश्य ये' लिहिलं. त्यात श्य आहे, जोडाक्षर. खोडलं. 'तुझं स्वागत आहे' लिहिलं. स्वा. पुन्हा जोडाक्षर. 'श्रद्धाचं अभिनंदन' लिहायचं तर..." त्यांनी हात हवेत हलवला. "नावातच गोची आहे. त्याला कुठं अडायला नको. एका दमात वाचता आलं पाहिजे."

काकू म्हणाल्या, "अहो, फोन करा आणि बोला ना सरळ."

"नाही," सर म्हणाले. "त्यानं लिहिलंय. लिहूनच उत्तर द्यायचं."

मी त्यांच्या शेजारी बसले. आम्ही दोघांनी मिळून शब्द शोधले. मी सुचवायची, ते अक्षर अक्षर तपासून नकार द्यायचे. शेवटी त्यांनी माझ्याकडे पाठ केली आणि एका बोटानं स्वतःच काहीतरी लिहिलं. मग मला दाखवलं.

'ये. पोरीला आण. मी वाट पाहतो.'

"पाठवू?"

"पाठवा."

त्यांनी बोट ठेवलं. मेसेजखाली दोन करड्या खुणा उमटल्या आणि तशाच राहिल्या. सर त्यांच्याकडे टक लावून बसले. काकू आत गेल्या, चहा पुन्हा गरम करून घेऊन आल्या, कप ओट्यावर ठेवून उभ्या राहिल्या. मग त्या दोन्ही खुणा निळ्या झाल्या.

"वाचलं," सर म्हणाले. आणि चष्मा काढून शर्टाच्या टोकानं डोळे पुसायला लागले. "वाचलं त्यानं."